भुईचाफ्याचे दगड

घोटवळच्या राईत शिरलात की फुलांच्या आधी दगड दिसतात. ओढ्यातले गुळगुळीत, काळसर, कुठे मुठीएवढे तर कुठे नारळाएवढे. ऐनाच्या आणि हिरड्याच्या झाडांखाली, सगळ्या उतारावर, शेकड्यांनी ठेवलेले. ओळीत नाहीत आणि रिंगणातही नाहीत. नवख्या माणसाला वाटते, कुठले तरी पडके देऊळ असावे आणि त्याचेच हे दगड विखुरले असावेत. चैत्रात आलात तर मात्र उलगडा होतो. एकेका दगडाशेजारी, वाळक्या पाचोळ्यातून, थेट जमिनीतून एकेक फूल वर आलेले असते. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळट जीभ, आणि वास असा की वाकल्याशिवाय राहवत नाही. दांडा नाही, पान नाही. हा भुईचाफा.

पाहुण्यांना राई दाखवायचे काम कुशाबा लांघी यांच्याकडे आपसूक आले आहे. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण चैत्रात कॉलेजची मुले वह्या घेऊन आली की ते काठी उचलतात. चपला राईबाहेर काढायला लावतात आणि दगडाला कोणाचा पाय लागला तर बिनदिक्कत खेकसतात. मग कोणीतरी हमखास विचारते, "बाबा, याचं पान कुठंय?"

"पान बघायला आषाढात या," कुशाबा म्हणतात. "पान असतं तव्हा फूल नसतं, फूल असतं तव्हा पान नसतं. सासू-सुनेचं बरं, भांडाया तरी एका घरात असतात."

मुले हसतात. कुशाबा हसत नाहीत, कारण पुढची गोष्ट त्यांना ठाऊक असते. ऐनाच्या एका उघड्या मुळीवर बसून ते ती सांगतात. त्यांच्या आजीने त्यांना सांगितली, तिला तिच्या आत्याने. ती अशी.

फार वर्षे झाली त्याला. तेव्हा घोटवळला रस्ता नव्हता आणि पावसाळ्याचे चार महिने गाव जगापासून तुटलेले असे. गावात भिवराई नावाची एक बाई होती. झाडपाल्याची जाणती म्हणून तिचे नाव तीन खोऱ्यांत होते. कोयता लागलेला असो, झाडावरून पडून अंग सुजलेले असो, जखम चिघळलेली असो, माणसे तिच्या दारात येत. भुईचाफ्याचा कंद ती दगडावर उगाळून लावायची आणि म्हणे चार दिवसांत माणूस चालता व्हायचा. तिच्या हाताला गुण होता असे लोक म्हणत. तिला स्वतःला विचारले तर ती म्हणे, गुण मुळीला आहे, हाताने फक्त ती बरोबर उपटायची.

ही बरोबर उपटण्याची विद्या मात्र तिने कुलपात ठेवली होती. राईत जाताना ती एकटी जाई. झाडाला खाच नाही, भुईवर खुंटी नाही. "खूण डोक्यात ठिवायची," ती म्हणायची. "भुईवर ठिवली का ती समद्यांची व्हती." एकदा बाहेरच्या कोणी माणसांनी पलीकडच्या डोंगरावरचा सगळा कंद पोत्यांनी खणून नेला होता, तेव्हापासून तिचे हे मत पक्के झाले होते. तिला अगदीच वेडी म्हणता येणार नाही.

भिवराईला एक मुलगा होता, खेमा, आणि एक मुलगी, नवशी. मुलगी नवसाची म्हणून नवशी. लहानपणापासून तिला राईचा नाद. आई निघाली की ही मागे निघे. आई हाकलून देई. मग ती लांबून, झाडांआडून, कधी पाचोळ्यात पालथी पडून आईवर नजर ठेवी. मोठी झाल्यावर तिने सरळ विचारले, "आई, मला दाव की मुळी." भिवराईने मान हलवली. लेक आज ना उद्या परक्या घरी जायची. तिच्याबरोबर विद्याही दुसऱ्या गावाला जायची, आणि मग घोटवळच्या माणसाने कोयता लागला की कुठे जायचे? तेव्हाची रीतच ती. घरची विद्या सुनेला, लेकीला साडीचोळी. नवशीने पुन्हा विचारले नाही. पुढे पल्याडच्या वाडीत तिचे लग्न झाले.

खेमाची बायको ठमा ही घाटाखालची. हुशार, कामाला वाघीण, आणि शब्दाला थोडी तिखट. सासूने तिच्यात काय पाहिले कोण जाणे, पण लग्नाच्या दुसऱ्या चैत्रात भिवराईने तिला हाक मारली आणि म्हणाली, "चल माझ्यामागं."

ठमा त्या दिवशी राईत गेली ती जणू देवाच्या गाभाऱ्यात गेली. सगळे रान उघडेबोडके होते. ऐनाची पाने गळून गेलेली, पायाखाली पाचोळा कुरकुर वाजत होता. चालता चालता सासू एका दुभंगलेल्या ऐनापाशी थांबली आणि तिने पाचोळा बाजूला सारला. खाली ते फूल. त्याच्या पलीकडे दुसरे, वर उतारावर आणखी. ठमाने अशी फुले जन्मात पाहिली नव्हती. झाड नाही, वेल नाही, आणि भुईच फुललेली.

"हे आता बघून ठिव," भिवराई म्हणाली. "आता खणायचं न्हाई. पावसात पान येतं, कंद भरतो, मंग काढायचा. तव्हा फूल नसतं. तव्हा समदं रान हिरवं असतं, आन् रानहळद, कचोरा, हे, समद्यांची पानं बहिणी-बहिणीवानी. म्हणून जागा बघायची, पान न्हाई."

"कंद काढाया मला न्याल ना, आत्याबाई?"

"नेईन. औंदा न्हाई. फुडल्या साली."

त्या श्रावणात भिवराई एकटीच कंद आणायला गेली. ठमाला तिने ओढ्याच्या काठी बसवले, काठाकाठाने वर झाडांआड दिसेनाशी झाली, कंद काढले, खाली आणून तिच्याकडून धुऊन घेतले. धुताना ठमाने आजूबाजूला पाहिले. ओढ्याच्या काठाला तसलीच रुंद हिरवी पाने दाट माजली होती. तिने मनात गाठ बांधली, हेच ते. आणि मार्गशीर्षात भिवराई दोन दिवसांच्या तापाने गेली. पुढले साल तिला मिळालेच नाही.

आता घरात जाणती एकच, ठमा. लोक तिच्या दारात येऊ लागले. सासूच्या उतरंडीतले वाळलेले कंद होते तोवर कोणाचे काही अडले नाही, उलट ठमाच्या हाताला गुण आहे असे लोक बोलू लागले. ते तिच्या कानावर पडे आणि तिला बरे वाटे. कोणाला वाटत नाही?

चैत्र आला. राईत जाऊन फुले पाहण्याचे, जागा पुन्हा डोक्यात भरून घेण्याचे ते दिवस. पण बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करायची घाई होती. अंगणात हिरडा वाळत पडलेला, खेमा दिवसभर झाडांवर. ठमाने विचार केला, एकदा पाहिलेय की, परत काय बघायचे? ती गेली नाही. कुशाबा इथे थांबतात आणि म्हणतात, घोटवळात आजही एखादी संधी हातची गेली की जुनी माणसे म्हणतात, "चैत चुकला." ती म्हण या चैत्राची.

श्रावणात पंचमीला नवशी माहेरी आली. आई गेल्यानंतरचे पहिले माहेर. घरात आईची जागा रिकामी आणि त्या जागेवर वहिनी बसलेली. पण नवशी कुढणारी नव्हती. ती आली ती कामालाच लागली. दुसऱ्या दिवशी गुरांना गवत कापायला डोंगरावर गेली आणि तिथे कापलेल्या कारवीचा टोकदार खुंट तिच्या तळपायात आरपार घुसला. खेमाने तिला पाठुंगळी घरी आणले. खुंट निघाला, रक्त थांबले, पण संध्याकाळपर्यंत पाय घोट्यापर्यंत सुजला. उतरंडीतले कंद आषाढातच संपले होते.

सकाळी ठमाने टोपली आणि कुदळ घेतली. निघताना तिने सहज म्हटले, "ओढ्याच्या कडंनं घेऊन येते. लांब न्हाई."

नवशी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "वयनी, ओढ्याच्या कडंला न्हाई. तिथं रानहळद हाये. आई ओढा वलांडून वर जायची, फुटक्या ऐनाच्या वरल्या अंगाला."

"मी गेलेय आत्याबाईसंगं. ओढा कधी वलांडलाच न्हाई आमी."

खरे तर ओलांडला होता. पण चैत्रात ओढा कोरडा ठणठणीत असतो, पात्रात पाचोळाच पाचोळा. सासूच्या मागून चालताना आपण ओढा कधी ओलांडला हे घाटाखालच्या नव्या सुनेला कळलेच नव्हते. ती मुद्दाम खोटे बोलत नव्हती. तिला जे आठवत होते ते ती बोलत होती.

"आन् पान उलटून बघ," नवशी म्हणाली. "भुईचाफ्याचं पान पोटाला जांभळं असतं. हळदीचं हिरवं."

ठमाला हसू आले. "पानाला पोट असतं व्हय? हे तुमाला कोणी दावलं, वन्सं?"

"कोणी न्हाई. मी आईच्या मागनं जायची, पाचोळ्यात पडून ऱ्हायची. खालनं दिसायचं."

आई चालत जाई, वरून पाहून जाई. पानाची खालची बाजू तिने कधी पाहिली असेल नसेल. भुईवर पालथ्या पडलेल्या पोरीला मात्र ती रोज दिसली होती. चोरून शिकलेल्या लेकीला आईपेक्षा एक गोष्ट जास्त कळली होती. पण हे ठमाला पटणार कसे? सासूने हाताला धरून नेले ते तिला. ही तर मागून लपतछपत चाललेली. तिच्या तोंडून निघून गेले, "मागनं चालून इद्या आली असती, तर गावातली कुत्रीबी वैद्य झाली असती."

 पुढचे चार दिवस नवशी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

ठमाने ओढ्याच्या काठचे कंद काढले. तोडून हुंगले तर वासही आला. हे सगळे एका कुळीतले, वास सगळ्यांनाच असतो, कमीअधिक. तिने ते स्वच्छ धुतले, उगाळले, लेप लावला, फडके बांधले. रानहळदीने काही विष चढत नाही. तिने नवशीचे वाईट केले नाही आणि भलेही केले नाही. नुसता वेळ गेला, आणि नवशीपाशी तोच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाय पोटरीपर्यंत चढला. तिसऱ्या दिवशी खेमा म्हणाला, "वढ्याला पानी कमी हाये. पल्याडच्या वाडीत धोंडूबाबा हाये, त्याला दावू. मी पाठीवर नेतो."

 नवशीला दुसऱ्या जाणत्याकडे नेले, म्हणजे भिवराईच्या सुनेला येत नाही हे तीन खोऱ्यांत कळले. ठमा म्हणाली, "थांबा की. मुळी वढून घेतेय समदं. आज वढतेय, उद्या उतरंल."

खेमा थांबला. बायकोवर त्याचा भरवसा होता. नवशीने दोघांकडे पाहिले आणि कूस बदलली. ती तेव्हा का बोलली नाही? कोणी म्हणतात, ती रुसली होती. कुशाबांची आजी म्हणायची, तसे नव्हते. भावापुढे वहिनीला खोटे पाडले असते, तर तो तिला घरात कसा वागवेल याची तिला धास्ती वाटली. परत जायचे ते आपल्याला, नांदायचे ते हिला, असा विचार तिने केला असणार. कोणी तिच्या मनात शिरून पाहिलेले नाही. पण घोटवळच्या बायका आजीचेच खरे मानतात.

त्या रात्री डोंगरावर पावसाने धरले. चौथ्या दिवशी ओढ्याला माणूसभर पाणी. पल्याडहून नवशीचा नवरा खबर ऐकून आला, तो पलीकडच्या काठावरच अडकला. इरले पांघरून तो दोन दिवस तिथे उभा होता आणि ओरडून काय विचारत होता ते पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू येत नव्हते.

पाचव्या दिवशी पहाटे नवशी बरळू लागली. ठमाने फडके सोडले आणि जे दिसले ते पाहून तिने फडके परत बांधलेच नाही. ती उठली आणि कुदळ घेऊन राईत धावली. ओढ्याच्या काठी गुडघ्यावर बसली आणि तिने एक पान उलटले. हिरवे. दुसरे उलटले. हिरवे. पावसात, चिखलात, रांगत रांगत तिने म्हणे शंभरावर पाने उलटली आणि सगळी पोटाला हिरवीगार. मग ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे त्याच रात्री एक झाड आडवे पडले होते, तिथून जीव मुठीत धरून पलीकडे गेली. धुक्यात फुटका ऐन सापडायला तिला बराच वेळ लागला. त्याच्या वरल्या अंगाला तशीच रुंद पाने होती. तिने एक उलटले.

जांभळे होते.

तिथेच बसून ती मोठ्याने रडली. मग तिने कंद खणले, पदरात बांधले आणि आली तशी परत धावली; पुढच्या लोंढ्यात ते झाडही वाहून गेले. घरी येऊन उगाळायला बसली. नवशीने डोळे उघडले. उगाळलेल्या कंदाचा वास घरभर पसरला होता. "आईचा वास आला," ती म्हणाली. एवढे बोलून ती पुन्हा गुंगीत गेली. लेप लावला, पण आता लेपाचे काम उरले नव्हते. दिवस मावळायच्या आत नवशी गेली.

राईच्या खालच्या अंगाला, जिथे झाडी संपते आणि माळ सुरू होतो, तिथे तिला मूठमाती दिली. सातव्या दिवशी पाणी उतरल्यावर तिचा नवरा अलीकडे आला. त्याला दाखवायला मातीचा ढीग तेवढा होता.

यानंतर जे झाले ते ठमाला मरणापेक्षा जड गेले. लोकांनी तिचे कौतुक केले. भर पुरात आडव्या झाडावरून ओढा ओलांडला, नणंदेसाठी जीव धोक्यात घातला, पण काळ आला होता त्याला कोण काय करणार? ठमासारखी भावजय मिळायला भाग्य लागते, असे बायका एकमेकींना सांगत. खेमाही तेच म्हणे. पहिल्या दिवशी नवशी काय बोलली हे ऐकणारे घरात तिसरे कोणी नव्हते. ठमा ऐके आणि मान खाली घाली. लोकांना वाटे, दुःखाने घालते.

पदरात आणलेल्या कंदांतले तीन उरले होते. ते तिने नवशीच्या मातीवर लावले. तिला एवढेच करता येत होते. चार दिवसांत पाने आली, तिने ती उलटून पाहिली, जांभळी होती. भाद्रपद संपता संपता पाने पिवळी पडली आणि आश्विनात वाळून गेली. ठमाला वाटले, झाड मरतेय. ती रोज दोन हंडे पाणी घालू लागली. दिवाळी गेली, थंडी आली, ती घालतच राहिली. पौषातही कोरड्या भुईवर तेवढा एक तुकडा ओला असे. शेजारणी म्हणत, बघा कशी माया.

भुईचाफा हिवाळ्यात झोपतो. पान वाळले म्हणजे तो मेला नाही, भुईत शिरून पडून राहिला. तेव्हा त्याला पाणी नको, खत नको, कोणाचा हात नको. कोरड्या मातीत, पाचोळ्याच्या पांघरुणात त्याला राहू द्यायचे. आज घोटवळचे लेकरू हे सांगेल. ठमाला ते सांगणारे कोणी उरले नव्हते. एक सासू, ती गेली. एक नणंद, ती मातीखाली. चैत्र लागला, बाकी रानात फुले आल्याची कुणकुण लागली, आणि नवशीच्या मातीवर काही उगवले नाही. ठमाने बोटाने माती उकरली तर कंदांचा काळा चिखल झाला होता.

त्या दिवशी ती घरी गेली आणि दारोदार जाऊन तिने बायका गोळा केल्या. सासुरवाशिणी, माहेरवाशिणी, म्हाताऱ्या, पोरीबाळी. "राईत चला," एवढेच म्हणाली. भिवराईची सून स्वतः राईत नेते म्हटल्यावर कोण घरी बसते? तीसएक बायका निघाल्या. खेमा लाकडासाठी कोयता घेऊन त्याच बाजूला चालला होता, तोही मागोमाग आला.

ओढ्याच्या काठी ती थांबली. ओढा कोरडा होता. काठावर एक खड्डा होता, अर्धा पाचोळ्याने भरलेला. आजूबाजूला फुलाचा मागमूस नाही. ठमा म्हणाली, "पयली मुळी मी हितनं काढली. हितं भुईचाफा न्हाई. बघा, एक तरी फूल हाये का? वन्संनी मला पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. हितं न्हाई, वर जा, पान उलटून बघ, म्हणाल्या. मी त्यांना कुत्र्याची उपमा दिली. तिसऱ्या दिशी ह्ये त्यांला पल्याड नेत व्हते, ते मी नेऊ दिलं न्हाई. मला माझं नाव राखायचं व्हतं."

 सांगतात, मग ठमा त्या खड्ड्याकाठी वाकली, आणि नवशी वर कुठेतरी झाडांत आहे आणि आपण तिला हाक मारतोय, अशा आवाजात तिने विचारले, "वन्सं, कुठं?"

आठ महिने उशिरा विचारलेला प्रश्न तो. बायका उभ्या राहिल्या. काही जणी रडत होत्या. ठमा खरोखरच उत्तराची वाट पाहत होती, आणि ती पाहते आहे तोवर हलायची कोणाची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळाने ती उठली, ओढ्याच्या पात्रातले दगड तिने पदरात भरले, वर चढली आणि दिसेल त्या फुलाशेजारी एकेक दगड ठेवत गेली. दगड संपले की खाली यायची, भरायची, परत वर. थोड्या वेळाने इतर बायकाही दगड उचलू लागल्या. डोक्यात ठेवायची खूण त्या दिवशी भुईवर आली. फूल गेले, पान आले, पान वाळून गेले, तरी आता दगड सांगणार होता.

खेमाने सगळे ऐकले होते. तो लाकडे न तोडताच घरी गेला. त्यानंतर बावीस वर्षे तो जगला, आणि या बावीस वर्षांत तो ठमाशी एक शब्दही बोलला नाही असे सांगतात. तिला घराबाहेर काढले नाही, हात उगारला नाही, तिने वाढलेले खाल्ले. काही सांगायचे झाले तर बैलाला सांगे. "उंद्या वरल्या वावरात जायाचं हाये रं," असे बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, आणि ठमाने सकाळी लवकर भाकरी थापायची. बैल मेला तेव्हा खेमापेक्षा ठमाच जास्त रडली म्हणे.

ती मात्र थांबली नाही. दर चैत्रात ती बायकांना घेऊन राईत जाई, आणि भिवराईची रीत तिने उलटी केली. मुळी आधी लेकीला दाखवायची, मग सुनेला. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीच्या ओटीत एक कंद घालायचा आणि कसा लावायचा तेही सांगायचे. झाडाच्या सावलीत लाव, पाचोळा पांघर, पान वाळले की पाणी तोड. विद्या दुसऱ्या गावाला गेली तर जाऊ दे.

नवशीच्या मातीवर तिने पुन्हा कंद लावले. ते जगले, पण माळावरच्या उन्हात फुलेनात. मग तिने शेजारी ऐनाचे रोप लावले, भोवती काटेरी कुंपण केले, आणि त्याची सावली पडायची वाट पाहिली. दहा-बारा वर्षे गेली. अखेर एका चैत्रात तिथे एक फूल आले. खेमा तिथून जाताना थांबला, त्याने ते पाहिले, खाली बसून वास घेतला. ठमा चार पावलांवर उभी होती. तिला वाटले, आता बोलेल. तो उठला आणि घराकडे गेला.

म्हातारपणी तिचे डोळे गेले. तरी ती चैत्रात राईत जाई. सुनेने पुढे व्हावे, लेकीला विचारावे, "वन्सं, कुठं?" लेकीने बोट दाखवावे, आणि तिने दाखवले तिथेच सुनेने, उलट शब्द न काढता, दगड ठेवावा, हे तिने घालून दिले. फूल समोर ढळढळीत दिसत असले तरी विचारायचे.

आजही चैत्रात घोटवळच्या लेकी माहेरी येतात आणि सुनांबरोबर राईत जातात. उतारावर दिवसभर "वन्सं, कुठं?" "ह्ये बघ, हितं," असा गलका चाललेला असतो, हसणे-खिदळणेही होते. पण वर चढण्याआधी सगळ्या जणी ओढ्याच्या काठाला थांबतात. तिथे दगड नाही, फूल नाही, तो खड्डाही केव्हाच बुजला. गावातली सगळ्यांत थोरली सून पुढे होते आणि विचारते, "वन्सं, कुठं?" मागे वीस-पंचवीस लेकी उभ्या असतात आणि प्रत्येकीला जागा ठाऊक असते. त्यांच्यातली एकही उत्तर देत नाही. थोरली सून थांबते, थोडा वेळ वर झाडांकडे पाहते, आणि मग ओढा ओलांडते.